तबेल्यातली भुई

धोंडीबाईने केलेल्या भुईवर मोहरी सांडली तर चिमटीने वेचून घ्यावी, एक दाणा फटीत जायचा नाही. धसईहून डोंगराच्या अंगाला जी गावं आहेत तिथली माणसं हे कौतुकाने सांगायची, पण तिच्या माघारी सांगायची. समोर कौतुक केलं तरी ती फटकारायची. "मोहरी वेचायला भुई केली काय रे मी? सांडतोस कशाला?"

पन्नास वर्षं तिने हेच काम केलं. कुणाचं नवं घर असो की लग्नाचा मांडव, आठ दिवस आधी तिला बोलावणं जायचं. आधी मुरूम टाकून धुमसाने ठोकायचा. मग वारुळाची माती चाळून, दोन दिवस भिजवून, तिच्यात भाताचं तूस आणि शेण घालून गारा मळायचा. गारा अंथरला की चार बायका ओळीने बसून लाकडी चोपण्यांनी चोपत मागे सरकायच्या. धोंडीबाई त्यांच्या पाठीशी उभी राहायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "ए डावीकडची, तुजा हात झोपला काय गो?"

गारा मळताना मात्र ती सगळ्यांना घराबाहेर काढायची आणि दार लावून घ्यायची. आत ती गाऱ्यात आणखी काय मिसळायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे बेलफळाचा गर, कुणी म्हणे हिरड्याचं पाणी. विचारलं की म्हणायची, "तुज्या आयशीला विचार." तिच्या सासूने तिला ते सांगितलं होतं अगदी शेवटच्या घटकेला, तिचा हात हातात घेऊन. त्याआधी बारा वर्षं सासूने तिच्याकडून नुसतं चोपून घेतलं होतं.

ती शेवटची घटका कशी असते, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. माणूस जायला लागलं की त्याला खाटेवर ठेवत नाहीत. खाली, सारवलेल्या भुईवर घेतात, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालतात. जीव मातीला टेकून जावा, अधांतरी जाऊ नये, एवढंच त्यात असतं. धोंडीबाईची सासू तशी गेली, सासरा तसा गेला. नवरा नथू मात्र कल्याणला दवाखान्यात लोखंडी खाटेवर गेला. ती नर्सच्या हातापाया पडत होती, "बाय, याला खाली घे गो, खाली घे." नर्स म्हणाली, "मावशी, बाजूला व्हा." त्या दिवसापासून दर अमावास्येला नथूच्या नावाचं पान ठेवताना ती कावळ्याकडे बघत नसे. कावळा शिवला नाही तर, याचं तिला भय वाटे. "ते अधांतरी गेलं," एवढंच म्हणायची.

आता तिच्या सुनेचं सांगायला हवं, कारण सुनेशिवाय धोंडीबाईची गोष्ट पुरी होत नाही.

माधुरी आसनगावची. बाप रेल्वेत कामाला, चाळीतलं घर, खाली शहाबादी फरशी. तिने शेणाला कधी हात लावलेला नव्हता. धोंडीबाईने लग्नाच्या पाचव्या दिवशी तिच्यापुढे शेणाची पाटी ठेवली. पोरगी सारवायची, सासू मागून यायची, पायाच्या अंगठ्याने सारवण खरवडायची आणि म्हणायची, "बोटं उठली. परत." माधुरीच्या बोटांना भेगा पडायच्या, भेगांत शेण जायचं. माधुरीला सातवा महिना असताना नणंदेकडची माणसं यायची होती. त्या दिवशी धोंडीबाईने तिला माजघर तीनदा सारवायला लावलं. आठव्या दिवशी माधुरीचं मूल पोटातच गेलं. डॉक्टरने रक्तदाबाचं कारण सांगितलं. ते खरंही असेल. पण माधुरीने डॉक्टरचं ऐकून घेतलं आणि हिशेब आपला आपण केला. नंतर रविना झाली, वाढली, शिकायला शहापूरला मावशीकडे गेली. त्या गेलेल्या मुलाबद्दल सासूने एक शब्द काढला नाही आणि सुनेनेही नाही.

मग घरकुल मंजूर झालं. जुनं घर पाडलं, विटांचं बांधलं. पंढरी, धोंडीबाईचा मुलगा, मुरबाडच्या एका कंपनीत पाळीवर जायचा. घरात काय कुठे बसवायचं ते माधुरीनेच ठरवलं. ओटीपासून चुलीपर्यंत पांढऱ्याशुभ्र फरश्या, देवाच्या कोनाड्याखालीसुद्धा. अंगणात रस्त्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे. काम पुरं झालं त्या दिवशी ती सासूला म्हणाली, "आत्या, आता तुमाला वाकायला नको." चेहरा हसरा होता. धोंडीबाईला जे समजायचं ते समजलं.

गावात एकाचं बघून दुसऱ्याने फरश्या घातल्या. पाच वर्षांत भुई करायला बोलावणारं घर उरलं नाही. चोपणी चुलीत गेली.

अशात गावाच्या खालच्या अंगाला मुंबईच्या एका शेठने जमीन घेतली आणि घोड्यांचा तबेला बांधायला काढला. तबेला म्हटल्यावर गावाच्या डोळ्यांसमोर म्हशींचा गोठा आला. पण हा तसा नव्हता. केतकी मॅडम नावाची आर्किटेक्ट त्याचे नकाशे घेऊन यायची. पुण्याची, डोक्याला टोपी, पायात बूट, बोलायला गोड. तिने आधी महिनाभर वारा कुठून येतो तेच बघितलं. मग लांबट इमारत पूर्व-पश्चिम टाकली, म्हणजे उन्हाची तिरीप लांब भिंतींवर येऊ नये. छपराच्या कण्याला हातभर फट ठेवली आणि फटीवर दुसरं छोटं छप्पर चढवलं. गरम हवा वर निघून जाईल, पाऊस आत येणार नाही. पावसाच्या बाजूला वळचण चार हात पुढे काढली. सहा खोल्या, एकेक चौदा फूट बाय चौदा. दोन खोल्यांमधली भिंत छातीपर्यंतच, वर गज, कारण घोड्याला शेजारचा घोडा दिसला नाही तर तो झुरतो. भिंतींचे कोपरे गोल, कुठे खिळा नाही, कुठे धार नाही. दारं अर्धी, म्हणजे त्याला मान बाहेर काढून डोंगर बघता यावा. गवत ठेवायला वेगळी इमारत लांब, आगीच्या भयाने.

तिथे कामाला जाणारी माणसं पत्र्याखाली राहणारी. ती संध्याकाळी पारावर बसून सांगायची, "गजातून शेजारी दिसला पायजे म्हनं. माजा शेजारी मला दिसू नये म्हनून मी भिंत घातली, तर घोड्याचं उलटं." सगळे हसायचे.

सगळं जमलं, खालची जमीन जमेना. मॅडमला सिमेंट नको होतं. "घोडा उभ्या उभ्या झोपतो," ती सांगायची, "सगळा भार पायांवर. खाली काँक्रीट असेल तर गुडघे जातात. जमीन घट्ट हवी, पण मऊ मनाची हवी." ठेकेदाराने मुरूम दाबून दिला, तो घोडीने आठवड्यात उकरला. मातीत सिमेंट घालून केली, तिला भेगा पडल्या आणि भेगांत मूत साचून वास मारू लागला. तेव्हा घोडे सांभाळणारा भगीरथ पुढे झाला. हा डोंगरातल्या ठाकरवाडीचा, माथेरानला वीस वर्षं घोड्यामागे धावलेला. म्हणाला, "मॅडम, गावात धोंडीबाय हाय. तिच्या भुईला खूर लागायचा नाय. पन बाय तोंडाची कडू हाय."

केतकी मॅडम घरी आली. धोंडीबाई ओटीवर पोतं टाकून बसली होती, फरशी तिला बाधायची.

"आजी, घोड्यांसाठी जमीन करून द्याल?"

"घोड्याला? का, पंगतीला बसनार हाय तुजा घोडा?"

मॅडम हसली. खाली बसली आणि गुडघ्यांचं, पायांचं सगळं सांगितलं. धोंडीबाईने ऐकून घेतलं आणि आतल्या दाराकडे बघत मोठ्याने म्हणाली, "बघा. मानसं फरशीवर घसरतात आन घोड्यांना भुई पायजे. जनावराला अक्कल हाय." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

सुतार बसवून नवी चोपणी करून घेतली. पौषापासून चैत्रापर्यंत सहा खोल्या तिने केल्या. वाडीवरच्या चार बायका हाताखाली होत्या, त्यांना तिने रडवलं. ठमी नावाची एक सोडूनच गेली. "सासूसुद्धा इतकं बोलत नाय," ती म्हणाली. "तुजी सासू भुई करत नाय," धोंडीबाई म्हणाली. गारा मळताना दार लावून घ्यायची सवय तशीच होती. मॅडमने लाडीगोडी लावून विचारलं, "आजी, काय घालता ते मी लिहून ठेवते, जगाला कळू दे." धोंडीबाईने तिच्याकडे असं पाहिलं की मॅडमने वही मिटली.

पहिली खोली वाळल्यावर मागच्या भिंतीपाशी पाण्याची कळशी ओतली. पाणी न मुरता, न थांबता पुढच्या पन्हळीत गेलं. उतार तिने नुसत्या डोळ्याने दिला होता. मग भगीरथने तांबडी घोडी आत आणली. घोडीने हुंगलं, एक खूर आपटला, दुसरा आपटला. चारही पाय दुमडून खाली बसली, आडवी झाली आणि मान टाकून डोळे मिटले.

"भरवशाची जागा असल्याबिगर घोडी आडवी होत नाय," भगीरथ हळू आवाजात म्हणाला. "दोन म्हयने झाले, ही उभीच हाय."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडीबाई अर्ध्या दारावर हात टेकून बघत राहिली. घोडीचं पोट संथ वरखाली होत होतं. एवढं चांगलं काम तिच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं, हे तिला कळत होतं. आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं: हिला भुई मिळाली. मला कुठं?

त्या संध्याकाळी ती चुलीपाशी गेली. माधुरी भाकरी थापत होती.

"माधुरी, ओटीच्या कोपऱ्यातल्या फरश्या काढून दे. जास्त नाय, साडेतीन हात. मी माज्या हातानं भुई करते. दिसायची पन नाय कुनाला, वर पोतं टाकीन."

"कशाला?"

"माजा टाइम येल तवा. खाली घ्यायला."

माधुरीने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "फरशीवर शेणाचा हात फिरवू की."

"फरशीवर शेण धरत नाय. खपली निघते."

"मग अंगणाच्या कडंला माती हाय."

"अंगणात कुत्रं मरतं गो," धोंडीबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना, इतका खाली गेला होता. "छपराखाली पायजे. देवाच्या नजरेत."

माधुरीने भाकरी उलटली. "आत्या, सातव्यात मी तिसऱ्यांदा सारवत होते, तवा बोलले होते तुमाला, माजी कंबर मोडली. तुमी काय बोललात, आठवतं?"

धोंडीबाईला आठवत होतं.

"मी सांगते. तुमी म्हटलात, कंबर मोडली तर पड भुईवर, भुई माजी हाय." तिने भाकरी तव्यावरून काढून टोपलीत टाकली. "आता ही माजी हाय."

पंढरीला सांगितलं तर तो म्हणाला, "बघू, आये." तो आईलाही बघू म्हणायचा आणि बायकोलाही.

सहावी खोली पुरी झाली तेव्हा मॅडम फोटो काढायला आली. कुठल्याशा मासिकात तबेल्यावर लेख यायचा होता. धोंडीबाईला चोपणं हातात धरून बसवलं. "आजी, थोडं हसा." ते झाल्यावर धोंडीबाईने विचारलं, "बाय, ही सहावी खोली कुनाची?"

"घोडा यायचाय अजून. परदेशातून. वेळ आहे."

"म्हंजी रिकामी." तिने पदर सावरला. "माजा टाइम आला तर हितं पडू देशील मला?"

मॅडम खळखळून हसली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, असं काय बोलता! अहो, हे सगळं तुमचंच आहे. कधीही या."

गावाकडे असं बोलणं म्हणजे शब्द. कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही. लेकीला दिलेला शब्द, देवाला बोललेला नवस आणि हे, सगळं एकाच तागडीत. शहरात पाहुण्याला निरोप देताना हेच शब्द वापरतात आणि पायरी उतरताच विसरतात, हे धोंडीबाईला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी ती कुंकवाची चिमूट घेऊन गेली, सहाव्या खोलीच्या उंबऱ्याला लावली, नमस्कार केला. त्या दिवसापासून ती घरात भांडेनाशी झाली. माधुरीलाही नवल वाटलं.

पावसाळा सरत आला. भादव्यात तिच्या छातीत कफ धरला, नवरात्रात ताप उतरेना. दसऱ्याच्या दिवशी सकाळी तिला कळलं. आपलं आपल्याला कळतं. पंढरी पाळीवर, माधुरी देवळात गेलेली. धोंडीबाईने अंगणातल्या कुंडीतल्या तुळशीचं पान खुडून पदराच्या गाठीला बांधलं आणि भिंत धरत, कुंपण धरत, तबेल्यापर्यंत गेली. मागच्या दाराने आत शिरली. भगीरथ पुढे घोडे धूत होता, त्याला दिसली नाही.

सहाव्या खोलीत ती खाली पडली. भुई थंड नव्हती आणि गरमही नव्हती. तिने गाल टेकवला. छपराच्या फटीतून येणारा वारा अंगावरून जात होता. आता पलीकडच्या पाचव्या खोलीत ठेवलेल्या तांबड्या घोडीने गजांना नाक लावून फुर्र केलं. धोंडीबाईने गाठ सोडून पान जिभेवर ठेवलं, नथूचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. एवढं सुख तिला कधी झालं नव्हतं.

पण जीव गेला नाही.

परदेशी घोडा त्याच दिवशी आला होता. दसऱ्याचा मुहूर्त, शेठचे पाहुणे, पोरंबाळं, झेंडूची तोरणं. ढोलाच्या तालावर घोड्याला सहाव्या खोलीपाशी आणलं. भगीरथने दार उघडलं आणि खाली पडलेलं माणूस बघून घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. एक पोरगी किंचाळली.

"ये कौन है? पी के आयी है क्या?" शेठ ओरडला.

"भगीरथ, मी हाय," धोंडीबाई म्हणाली. पान जिभेवरून गालात गेलं होतं. "मॅडमला विचार. तिनं शब्द दिला हाय."

पाहुण्यांत केतकी मॅडम होतीच, रेशमी कुर्त्यात. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती लाल झाली. "आजी, असं कुठे असतं का? ते बोलण्यात बोलतो आपण." मग शेठकडे वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाली. पाहुण्यांत दोघं हसली.

"मेरे तबेले में, दसरे के दिन, मरने आयी है," शेठ म्हणाला. "हटाओ."

न्यायला दुसरं काही नव्हतं. लीद वाहायची हातगाडी होती. भगीरथने तिच्यात स्वच्छ पोतं अंथरलं, तेवढंच त्याच्या हातात होतं. धोंडीबाईला उचलून गाडीत घातलं आणि भर दुपारी, सोनं वाटत फिरणाऱ्या गावामधून घरी आणलं. पारावरून कुणीतरी ओरडलं, "काय धोंडीबाय, घोड्यानं नापास केली काय?" पन्नास वर्षं तिची जीभ सोसलेलं गाव होतं ते. हसणं पारावरून सुरू झालं आणि घरापर्यंत गाडीबरोबर आलं. धोंडीबाईने तोंडावर पदर घेतला. असं तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सहाव्या खोलीची भुई उकरायला घेतली. अपशकुनी झाली म्हणून. पहार लागेना, मग मशीन आणलं. दीड दिवस तो आवाज खाटेवर पडल्या पडल्या तिने ऐकला. मग खाली काँक्रीट आणि वर रबराच्या गाद्या घातल्या असं भगीरथने येऊन सांगितलं. "बाकीच्या पाच तशाच हायेत, धोंडीबाय. घोडे निजतात." हे तो बरं वाटावं म्हणून बोलला.

इकडे माधुरीला नळावर उभं राहता येईना. शेजारची भागीरथी काकी तर तोंडावर बोलली, "सासूला घोड्यांच्यात जागा शोधावी लागली, तुज्या एवढ्या वाड्यात साडेतीन हात नाय काय गो?" दोन दिवस माधुरीने ते ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने छिन्नी-हातोडा घेतला आणि ओटीच्या कोपऱ्यातल्या फरश्या स्वतः फोडल्या. खालचं सिमेंट फोडलं. मुरूम टाकून ठोकला. माळावरच्या वारुळाची माती डोक्यावरून आणली, चाळली, भिजत घातली. गिरणीतून तूस आणलं, भागीरथी काकीच्या गोठ्यातून शेण. दया आली होती की लाज, ते तिचं तिला ठाऊक. बहुधा लाजच. पण काम तिने पुरं केलं. फरश्या बसल्या तेव्हा शेणाला पुन्हा हात लावणार नाही अशी तिने मनाशी घेतलेली शपथ मोडली.

कोपरापर्यंत चिखलाचे हात घेऊन ती खाटेपाशी येऊन उभी राहिली. नंतर खाली बसली.

"आत्या, आता सांगा. गाऱ्यात काय घालायचं? आज मळला तर चार दिवसांत भुई होईल."

धोंडीबाई तिच्याकडे बघत राहिली. श्वास घरघरत होता, पण डोळे स्वच्छ होते.

"मी दार लावते. कुनाला सांगायची नाय," माधुरी म्हणाली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आन दुसरं काय बोलायचं असंल, तर ते पन बोला. आत्ताच बोला."

दुसरं काय, ते दोघींना ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षांचं होतं ते.

धोंडीबाईच्या ओठांशी शब्द आले होते. गाऱ्यातली ती वस्तू, तिचं माप, ती कधी घालायची ते सगळं. आणि त्याच्यामागे ते दुसरंही आलं होतं. सुनेचे हात तिच्या खाटेवर टेकले होते, बोटांच्या भेगा चिखलाने भरलेल्या. नुसता हात पुढे करून तो हात धरायचा होता. तिच्या सासूने असाच तिचा धरला होता. एवढं केलं असतं तर भुईही मिळाली असती आणि कदाचित आणखीही काही. देवाने सगळं तिच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं.

पण समोर माधुरी वाकून बसली होती, मागत होती. आणि मागणारी सून बघितल्यावर धोंडीबाईच्या तोंडाला जुनी चव आली.

"तुज्या हातची भुई?" ती म्हणाली. "तुज्या हातच्या भुईवर पडन्यापरीस फरशी बरी."

आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बरं," माधुरी म्हणाली. उठली, मोरीत गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. नखांतली माती काडीने काढली. मग चहा ठेवला.

तीन दिवसांनी, दुपारी, धोंडीबाईचा श्वास वरवर चालू लागला. पंढरी पाळीवर होता. आळीतल्या बायका जमल्या. "खाली घ्या, खाली घ्या," झालं. ओटीच्या कोपऱ्यात तो साडेतीन हात चर तसाच उघडा होता, कडांना फुटक्या फरशीचे दात, शेजारी भिजवलेल्या मातीचा ढीग वाळून टणक झालेला.

"त्यातच घ्या तिला, मुरूम हाय खाली," एक जण म्हणाली.

"खड्ड्यात मेलेलं मानूस घेतात गो, जितं नाय," भागीरथी काकीने तिला गप्प केलं.

मग फरशीवरच घेतलं. कुणीतरी शेणाचा बोळा फिरवला, तो पांढऱ्या फरशीवर हिरवट ओला राहिला. धोंडीबाईच्या पाठीला गार लागलं असणार, कारण तिने अंग आखडलं. तिची मान चराच्या बाजूला वळली होती. तिने हात उचलला, चराकडे की माधुरीकडे ते सांगता येत नाही, दोन्ही एकाच बाजूला होते. ओठ हलले. सगळ्यांनी कान दिला. माधुरी जागची हलली नाही. पाणी घालायला भागीरथी काकी पुढे झाली, तोवर आटोपलं होतं.

दिवस-कार्य झाल्यावर माधुरीने चर सिमेंटने भरून घेतला. फरश्या आणायला मुरबाडच्या त्याच दुकानात पंढरीला पाठवलं, पण तो पांढरा रंग आता येत नव्हता. जवळचा म्हणून त्याने पिवळसर आणला. त्यामुळे ओटीच्या कोपऱ्यात माणसाच्या लांबीएवढा एक पट्टा वेगळा दिसतो. नवं माणूस आलं की हमखास विचारतं, इथे काय झालं होतं?

"पाणी मुरत होतं," माधुरी सांगते, आणि बसायला सतरंजी टाकते ती त्याच पट्ट्यावर.